जोजोबाची रोपे आणि पुनर्खरेदीचा करारनामा

बीड जिल्ह्यातील आमच्या भागात ‘कमी पाण्यावरचे सोने’ विकायला दर काही वर्षांनी कोणी ना कोणी येतोच. सफेद मुसळी झाली, कोरफड झाली आणि त्यानंतर आला जोजोबा. गावच्या मंदिरात मेळावा झाला, राजस्थानातील बागांची छायाचित्रे पडद्यावर दाखवली गेली. “मालक, रोप आमचं, माल उचलणारही आम्हीच, तुम्ही नुसतं पाणी द्यायचं,” या बोलीवर आम्ही काही भाऊबंदांनी करार केले.

रोपे विकायला आलेल्या कंपनीच्या माणसाने सांगितलेले बरेचसे खरे होते आणि फसवणुकीचे बळ त्यातच होते. जोजोबा हे अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरील सोनोराच्या वाळवंटातले सदाहरित झुडूप आहे. त्याच्या बियांच्या वजनाच्या सुमारे निम्मे तेल निघते, जे रासायनिक दृष्ट्या द्रवरूप मेण असते. स्पर्म व्हेल माशाच्या तेलावर अमेरिकेने 1970च्या सुमारास बंदी आणल्यानंतर या तेलाची मागणी वाढली आणि सौंदर्यप्रसाधनांत ते आजही वापरले जाते. राजस्थानात इस्रायलच्या तांत्रिक साहाय्याने त्याची लागवड झाली, हेही खरेच.

त्याने सांगितले नाही ते असे, की या झुडपात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात व बी फक्त मादीला लागते. परागीभवन वाऱ्याने होत असल्यामुळे बागेत साधारण दहा टक्के नर पुरतात. मात्र बियांपासून केलेल्या रोपांत सर्वसाधारणपणे निम्मे नर निघतात आणि फुले येईपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षे, ते ओळखता येत नाहीत. म्हणूनच खात्रीच्या मादी झाडांची छाट कलमे, म्हणजे फांदीचे तुकडे रुजवून केलेली रोपे, महाग असतात. आमच्या बिलावर ‘मादी कलमे’ असे लिहिलेले होते आणि दरही कलमांचाच लावला होता.

थंडी सरता सरता पहिला फुलोरा आला, तेव्हा निवृत्त कृषी अधिकारी असलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी ओळीओळीने झाडे तपासली. नर फुलांचे पिवळसर दाट घोस लगेच नजरेत भरतात, तर मादी फूल पानांच्या बेचक्यात एकटे, हिरवट आणि पाकळ्यांविना असते. निम्म्याहून अधिक झाडांवर पिवळे घोसच होते. मग त्यांनी वाळलेली काही रोपे उपटून पाहिली, तर प्रत्येकाला सरळ खाली गेलेले सोटमूळ. छाट कलमाला सोटमूळ नसते, कापलेल्या टोकाभोवती मुळ्या फुटतात. त्यामुळे रोपे घेतानाच एखादी पिशवी फाडून पाहिली तर बियांची रोपे कलमे म्हणून खपवता येत नाहीत.

झाडे वाळण्याचे कारणही त्याची थापच होती. जोजोबाला पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन लागते, आणि ‘कोणत्याही रानात येतो’ असे सांगून त्याने आम्हाला काळ्या, चिबड म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या पट्ट्यातही लागवड करायला लावली होती. जोराचा पावसाळा झाला आणि तिथली मुळे कुजली. करारनाम्यात मात्र मर झाल्यास जबाबदारी शेतकऱ्याची, आणि पुनर्खरेदी केवळ ‘कंपनीने मान्य केलेल्या प्रतीच्या’ बियांची, अशा अटी होत्या. तेल काढल्यावर उरणारी पेंड जनावरांना चालते, हेही त्याने ठोकून दिले होते. प्रत्यक्षात त्या पेंडीतील सिमॉन्डसिन या घटकामुळे जनावरांची भूक मरते.

या फसवणुकीचे गणित काळावर बेतलेले आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार करावी लागते आणि नर-मादी तर त्यानंतर कळते. कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागले होते, परंतु आमच्या नोटिशीला वकिलामार्फत उत्तर आले, की मुदत बिलाच्या तारखेपासून धरावी. दोष फुलोऱ्यातच उघड होतो, म्हणून मुदत तेव्हापासून मोजावी, असे आमचे म्हणणे आहे. बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहकच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे आणि आमच्या वकिलांची भिस्त त्यावर आहे. प्रकरण अजून चालू आहे.

ज्यांच्याकडे असे करारनामे आहेत, त्यांनी मूळ बिल, पत्रक आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात, आणि तालुका कृषी कार्यालयाकडे लेखी अर्ज देऊन फुलोऱ्यातच पंचनाम्याची मागणी करावी; फुले गळाल्यावर बी न लागलेले झाड नर की मादी, हे पानांवरून सिद्ध करता येत नाही.