कोझात्स्की मोहिली, प्ल्याशेवा (युक्रेन): बेरेस्तेच्कोची रणभूमी

पाचपैकी पाच तारे. तेर्नोपिलला मेडिकलला असताना, आताचं युद्ध सुरू होण्याआधी, आम्ही काही जणी गाडी ठरवून या रणभूमीवरच्या संग्रहालयात गेलो होतो.

१६५१च्या जूनअखेरीस पोलंडचा राजा यान काझिमिर आणि बोहदान ख्मेल्नित्स्कीचे कोझाक (युक्रेनचे लढवय्ये) इथे भिडले. ऐन लढाईत कोझाकांच्या बाजूने आलेला क्रिमियाचा खान इस्लाम गिराय तातारांना घेऊन निघून गेला, ख्मेल्नित्स्कीही त्याच्याबरोबर गेला. मागे उरलेल्या कोझाक छावणीच्या पाठीशी दलदल. कोझाक सरदार इवान बोहुनने तिच्यावर हाताला लागेल ते टाकून वाट केली, पण पळापळीत असंख्य माणसं तिथेच रुतली.

ती दलदल हाच या संग्रहालयाचा जीव. पुरातत्त्वज्ञ इहोर स्वेश्निकोव यांनी १९७०च्या दशकात उत्खनन सुरू केलं. दलदलीतल्या पीटमध्ये (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरात) चामडं सहजी कुजत नाही, म्हणून कोझाकांचे बूटसुद्धा सापडले. बंदुका, तलवारी कुठेही बघायला मिळतात हो. मी त्या बुटांपाशीच रेंगाळले. कुणा शेतकऱ्याच्या पायातले असतील ते.

सेंट जॉर्ज चर्चच्या तळघरात काचेमागे कवट्या आहेत. अ‍ॅनाटॉमीसाठी हाडं रोज हाताळायचे, तरी तिथे माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारचं लाकडी चर्च १६५०चं, ऑस्त्रिव गावातून आणलेलं. दोन्हींना जोडणारा भुयारी रस्ता अजिबात चुकवू नका. युक्रेनियन येणारं कुणी सोबत घ्या आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा.