एनआयएसएमची म्युच्युअल फंड परीक्षा: छोट्या कॉलेजवाल्यांना इंटर्नशिपसाठी कामाची आहे का?

मी सोलापूरला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे फायनान्सची कंपनी कॅम्पसला आलेली मी तरी पाहिली नाही, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात पोर्टलवरून चाळीसेक ठिकाणी अर्ज टाकले. एका कंपनीच्या फॉर्ममध्ये कॉलेजांची यादी होती, त्यात आमचं नावच नाही, शेवटी 'अदर' निवडून पाठवला, उत्तर काही आलं नाही. फार लागलं होतं ते तेव्हा. एका क्लासवाल्याने 30 हजारात इंटर्नशिपची गॅरंटी दिली, लेखी द्या म्हटल्यावर फोन उचलायचा बंद झाला. पीएम इंटर्नशिप स्कीम पण बघितली, पण फुल टाइम शिकणाऱ्यांना त्यात तेव्हा घेत नव्हते.

मग एनआयएसएमची सिरीज फाईव्ह-ए दिली, म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटरवाली, म्हणजे लोकांना फंडाच्या स्कीम विकणाऱ्यांसाठीची परीक्षा. एनआयएसएम ही शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचीच संस्था आहे. 100 प्रश्न, 2 तास, पास व्हायला 50 टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही, सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं. फी दीड हजाराच्या आसपास. वर्कबुकची पीडीएफ फुकट मिळते, तीच दोनदा नीट वाचा, वेगळा क्लास लावायची अजिबात गरज नाही. मला तीन आठवडे लागले, टॅक्सेशन आणि नियमांच्या चॅप्टरनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

आता मुख्य मुद्दा. नुसतं सर्टिफिकेट रेझ्युमेवर टाकून पोर्टलवर मला काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो गावातच. डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसात जो माणूस गुंतवणूकदाराशी स्कीमबद्दल बोलतो त्याला ईयूआयएन, म्हणजे त्याच्या नावाचा ओळख नंबर, लागतो आणि तो काढायला हीच परीक्षा पास असावी लागते, म्हणजे पास झालेला पोरगा त्यांना खरंच उपयोगाचा असतो. मी सर्टिफिकेटची प्रिंट घेऊन सहा ऑफिसं फिरलो, पाचव्या ठिकाणी सर म्हणाले, सोमवारपासून ये, महिना 4 हजार देतो.

पहिल्याच आठवड्यात एक रिटायर्ड काका आले, एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा जाणारी रक्कम, दोन महिने कापलीच नाही म्हणून घाबरलेले. सरांनी मलाच बघायला सांगितलं. बँकेने मँडेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायची परवानगी, रिजेक्ट केलेलं, कारण सही जुळत नव्हती, काकांचा हात आता थरथरतो. त्यांना घेऊन बँकेत गेलो, सही अपडेट केली, नवीन मँडेट भरलं. पुढच्या महिन्यात 2 हजार कापल्याचा मेसेज दाखवायला काका मुद्दाम ऑफिसात आले. केवायसी, एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत), एक्झिट लोड (लवकर पैसे काढले तर लागणारा चार्ज) हे सगळं मला वर्कबुकपेक्षा अशा माणसांमुळे जास्त पक्कं झालं, आणि नंतर मुंबईच्या एका छोट्या फर्मच्या इंटरव्ह्यूत अर्धा तास याच कामावर प्रश्न होते, कॉलेजचं नाव कोणी विचारलंच नाही.

ज्यांना इक्विटी रिसर्चमध्ये जायचंय त्यांनी मात्र ही फाईव्ह-ए देऊ नका, थेट सिरीज पंधरा बघा, रिसर्च अ‍ॅनालिस्टची. तिथे 60 टक्के लागतात आणि निगेटिव्ह मार्किंग आहे, तयारी जास्त करावी लागते. बाकी कुणाला इथल्या ऑफिसांत काय बोलायचं, सोबत काय न्यायचं हे विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, मी माझ्या रेझ्युमेची फाईल पण पाठवतो. या परीक्षेला माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार.