१६१३ चं ऑइल खाणं: नवा टर्बो, बारा सील आणि ब्रीदरची नळी (पावसाळ्यापासूनचा अनुभव)

आधी निकाल सांगून टाकतो, कारण पुढे मी भरकटणार आहे. गाडी म्हणजे टाटाचा जुना १६१३ ट्रक, इंजिन कमिन्सचं ६बीटी, ५.९ लिटर, इंटरकूलर नसलेलं. खालचं इंजिन, म्हणजे पिस्टन-रिंगांचा भाग, आजवर उघडलेलं नाही. पावसाळा लागला तेव्हा अडीचशे किलोमीटरला लिटरभर ऑइल पीत होती, आता तेच लिटर हजार किलोमीटर पुरतं. मधल्या काळात एक टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), एक रबरी नळी, बारा वॉल्व्ह सील आणि एक जादूची बाटली एवढ्यावर पैसे घातले. टर्बोचे पाण्यात गेले, बाटलीचे धुरात. नळीबद्दल मात्र मी जरा जास्तच लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली उतरा.

पीथमपूरचा माल नाशिकला पोचवायचा आणि येताना मिळेल ते भाडं, बहुतेक कांदा, असा आमचा धंदा. जाताना उतार असतो. परतीला भरलेल्या गाडीने आधी बिजासन चढायचा आणि मग खलघाटची नर्मदा ओलांडून मानपूरचा चढ. तिथेच धूर सुरू व्हायचा, चांगला निळा, जळक्या तेलाच्या वासाचा. ड्रायव्हरने सीटमागे ऑइलचा कॅन ठेवायला सुरुवात केली आणि २० लिटरची बादली महिनाभर पुरेना, तेव्हा माझी झोप उडाली. गंमत म्हणजे पीयूसीत जुन्या डिझेलला ६५ एचएसयूपर्यंत (हे धुराच्या दाटपणाचं माप) मोकळीक असल्यामुळे कागदावर गाडी तेव्हाही पास होती.

देवास नाक्याकडच्या एका गॅरेजात नेली. त्यांनी टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. "सेठ, टर्बो गया. पाइप में तेल ही तेल है." दोन तासांत निदान, संध्याकाळपर्यंत नवा टर्बो. मूळचा टर्बो होलसेट कंपनीचा, म्हणजे आपल्या देवासचाच माल होता. तो मी हट्टाने परत मागून घेतला. शाफ्ट हलवून पाहिला, पंखा कुठेच घासत नव्हता. तेव्हाच शंका आली होती, पण बिल फाडून झालं होतं.

नवा टर्बो बसल्यावर पहिल्या खेपेला धूर कमी वाटला. दुसऱ्या खेपेला परत तेच. वॉरंटी मागायला गेलो तर बिलामागचा शिक्का दाखवला, ओव्हरलोड आणि घाटात चालणाऱ्या गाडीला वॉरंटी नाही. इंदुरातून दक्षिणेला ट्रक काढायचा आणि घाट टाळायचा, हे कसं जमवायचं ते शिक्क्यावर लिहिलेलं नव्हतं. वर सल्ला, "टर्बो तो ठीक है, अब हाफ इंजिन करा लो," म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचं काम. टर्बो ठीक आहे, हे जुन्या टर्बोबद्दलही तितकंच खरं होतं. आवाज चढले, शेजारचे दोन क्लीनर बघायला उभे राहिले, पैसा एक परत मिळाला नाही.

मग लोहामंडीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. मूळचे शिरपूरकडचे. त्यांनी टर्बोला हातच लावला नाही. ऑइल भरायच्या जागेचं एक जुनं झाकण काढलं, त्याला भोक पाडून पारदर्शक नळी बसवली, नळीला यूचा आकार देऊन तिच्यात पाणी भरलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दे भाऊ रेस." पाणी सरळ उसळून त्यांच्या चपलेवर. "हे पाहा. पोटात हवा कोंडलीय. तुम्ही ब्रह्मदेवाचा टर्बो बसवा, तोही तेल ओकेल."

कारण ऐकून घ्या, कारण हे गॅरेजवाले सांगत नाहीत. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतो, पिस्टनसारख्या बारीक रिंगा असतात. त्या तेल अडवून धरत नाहीत, दाबाच्या तोलावर काम चालतं. टर्बोतलं तेल जाड ड्रेन पाइपातून केवळ स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरतं. चेंबरमध्ये हवेचा दाब साठला की ते उतरत नाही, वर तुंबतं आणि रिंगांच्या फटीतून इनटेकमध्ये (हवा आत जायच्या वाटेत) किंवा सायलेन्सरच्या बाजूला जातं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली येतोच, नव्या इंजिनातही येतो. तो बाहेर जायला ब्रीदर असतो. ब्रीदर बंद, तर सगळा राग टर्बोवर निघतो. एअर फिल्टर तुंबला तरी टर्बो तेल ओढतो, पण माझा स्वच्छ होता. एअर टँकचा ड्रेन कॉकही उघडून पाहिला. तेलाऐवजी नुसतं पाणी आलं, म्हणजे ब्रेकचा कॉम्प्रेसर संशयातून सुटला. रेडिएटरमध्ये तवंग नव्हता, म्हणजे ऑइल कूलरही सुटला.

आता नळी. बाहेरून ती अगदी ठणठणीत दिसत होती. क्लिपा घट्ट, वर भेग नाही, दाबून पाहिली तर टणक. मिस्त्रींनी ती उतरवून चाकूने उभी चिरली. आत रबराच्या अस्तराचा थर, दुधावरची साय सुटावी तसा सुटून, भोकावर आडवा झाला होता. त्यामागे काळा चिखल. पेन्सिल जेमतेम जाईल एवढी वाट उरलेली, आणि रेस दिली की तो पापुद्रा तीही झाकून टाकायचा. मागे कधीतरी कुणीतरी रेडिएटरच्या पाइपचा तुकडा ब्रीदरला लावून दिला होता. त्या पाइपचं रबर ईपीडीएम. पाणी आणि कूलंट ते वर्षानुवर्षं सोसतं, पण इंजिन ऑइल लागलं की फुगतं आणि सुटतं. तेलाला नायट्रिल रबर लागतं. दोन्ही काळी, दोन्ही दुकानात एकाच खुंटीवर टांगलेली, दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी. माझा सगळा धूर या एका तुकड्यातून निघत होता, आणि मी टर्बोचं बिल खिशात घालून हिंडत होतो.

नायट्रिलची नळी लावली, ब्रीदरची जाळी डिझेलने धुतली, टर्बोचा ड्रेन पाइप काढून आतून साफ केला. परत झाकण, परत पाण्याची नळी. पाणी बोटभर हललं आणि थांबलं. पुढच्या खेपांना लिटरभर ऑइल सहाशे किलोमीटर गेलं. त्या आठवड्यात भेटेल त्याला मी नळीबद्दलच सांगत होतो. आमच्या घरी जेवताना विषय काढायला बंदी झाली.

इथपर्यंतच लिहिलं असतं तर रिव्ह्यू गोड झाला असता. पण दिवाळीनंतर थंडी पडली आणि सकाळी स्टार्ट केल्यावर निळा भपकारा येऊ लागला. मिनिटभर, मग साफ. थंडीत सकाळचा पांढरा धूर कच्च्या डिझेलचा असतो, डोळ्यांना झोंबतो. हा तो नव्हता. लोक सांगतात, ॲक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर धूर आला की वॉल्व्ह सील गेले. तो पेट्रोलगाड्यांचा नियम. अशा जुन्या डिझेलच्या इनटेकमध्ये थ्रॉटलची झडप नसते, तसा व्हॅक्यूमही तयार होत नाही. इथे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिला भपकारा बघायचा. रात्रभर वॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपलेलं तेल तेवढं एकदम जळतं.

मध्यंतरी ती बाटलीही झाली. "रिंगा मोकळ्या करते, धूर बंद," असं म्हणून एका दुकानदाराने गळ्यात मारली. ओतल्यावर ऑइल घट्ट झालं, थंडीत सकाळी स्टार्टर कुंथायला लागला, धूर तसाच. एक तारा, तोही बाटलीला झाकण घट्ट होतं म्हणून.

सीलांसाठी हेड उतरवायची गरज नाही, ही ६बीटीची मला आवडलेली गोष्ट. सहा सिलिंडरना सहा वेगळी झाकणं. एकेक पिस्टन पूर्ण वर आणायचा, मग स्प्रिंग काढला तरी वॉल्व्ह पिस्टनवर टेकून राहतो, आत पडत नाही. सील बदलून झाल्यावर थंड इंजिनवर टॅपेट लावले, म्हणजे वॉल्व्हची फट ठेवली, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५० मिलिमीटर. मिस्त्रींनी दिवसाची मजुरी घेतली, वर चहा मीच पाजला. त्यानंतर सकाळचा भपकारा गेला आणि हजार किलोमीटरचा आकडा दिसला.

आता उरलं ते घाटातलं. भरलेल्या गाडीने बिजासन चढताना पातळ निळी झाक अजून येते. ती रिंगांची आणि बोअरची, त्याला इलाज हाफ इंजिनच. पण या इंजिनाला लायनर (सिलिंडरचं बदलता येणारं अस्तर) नसतात, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतो. म्हणजे ब्लॉक बोअरिंग मशीनवर जाणार, बोअर करून मोठे पिस्टन घाला नाहीतर स्लीव्ह ठोका. हिशोब लाखाच्या वर. माझी गाडी महिन्याला साधारण सहा हजार चालते, म्हणजे सहा लिटर ऑइल, दोन हजारांच्या आसपास. लाख वसूल व्हायला चार वर्षं लागतील. तोवर गाडीचं फिटनेसच निघेल की नाही, देव जाणे. १५डब्ल्यू-४० ऐवजी जास्त घट्ट २०डब्ल्यू-५० ऑइल घालून पाहिलं, उन्हाळ्यात थोडा फरक पडेल, पण मालव्याच्या थंडीत मला ते जड वाटलं. परत १५डब्ल्यू-४० वर आलो.

एक सावधगिरी. गेजपट्टीवरची पातळी खाली जात नाही म्हणून खूश होऊ नका, पट्टी हुंगा. नोझल टपकत असेल तर डिझेल चेंबरमध्ये उतरतं आणि खाल्लेल्या ऑइलची जागा भरून काढतं. पातळी वाढली तर गाडी चालवूच नका.

नवी नळी लावूनही ब्रीदरमधून रेस दिल्यावर सतत दाट धूर येत असेल, ऑइलचं झाकण सैल करताच उडत असेल, तर तुमच्या रिंगा संपल्यात, माझ्या नळीच्या नादी लागू नका. बाकीच्यांनी सियागंजात नायट्रिल मागून घ्या, नुसतं ऑइलवाला पाइप म्हणू नका. दुकानदार हो म्हणतोच. नळी जरा लांब घ्या, इंचभर तुकडा कापून दोन दिवस जुन्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. फुगला, मऊ पडला, तर उरलेली नळी घरच्या कूलरच्या पाण्याला वापरा.