किनारा की पाणथळ? दुर्बीण घेऊन नेमकं कुठे जायचं

दर थंडीत कुणीतरी हे विचारतंच. रविवारची एकच सकाळ मोकळी आहे, दुर्बीण नवीकोरी आहे, एका बाजूला समुद्र आणि खाडीचा चिखल, दुसऱ्या बाजूला थोडं आत एखादं तळं नाहीतर दलदल, तर पक्षी बघायला कुठे जाऊ? मी उलटा प्रश्न विचारते, भरती किती वाजता आहे? बहुतेकांना वाटतं मी विषय बदलतेय. पण खरं तर उत्तर अर्धं तिथेच असतं, कारण किनाऱ्यावर घड्याळ आपलं चालत नाही, चंद्राचं चालतं.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. आता आठवड्याचा हिशोब करा, सात दिवसांत जवळजवळ सहा तास. म्हणजे मागच्या रविवारी सकाळी सातला जिथे पाणी काठोकाठ होतं तिथेच या रविवारी सातला क्षितिजापर्यंत चिखल. मित्र म्हणाला "अगं काय सुंदर पक्षी होते, हातभर अंतरावर" आणि तुम्ही पुढच्या रविवारी त्याच वेळी त्याच दगडावर जाऊन उभे राहिलात तर दिसणार काय, तर लांबवर हलणारे तीळ. माझं पहिल्यांदा अगदी हेच झालं. वर अजून शहाणपणा म्हणून मी म्हटलं चला जरा जवळ जाऊ, दहा पावलं नीट गेली, अकराव्याला पाय घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, आणि ओढून काढला तर चप्पल आतच राहिली. ती अजून तिथेच असेल. हसण्यावारी नेलं पण खाडीच्या चिखलात असं आत शिरणं खरंच धोक्याचं आहे, कारण भरतीचं पाणी समोरून येईल म्हणून आपण समोर बघत बसतो आणि ते बाजूच्या नाळीतून फिरून आधी आपल्या मागे येतं.

नंतर कळलं की पक्ष्यांकडे आपण जायचंच नसतं, पाणी त्यांना आपल्याकडे आणतं. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचायचं, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरायची आणि गप्प बसायचं. चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो, त्यावर पसरलेले शेकडो पक्षी पावलापावलाने काठाकडे सरकतात, आणि तासाभरापूर्वी जे तीळ होते त्यांची चोच, पाय, डोळ्याभोवतीची कडा सगळं दिसायला लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खरं तर एखाद-दोन दिवस उशिरा, उधाण असतं तेव्हा हा खेळ सगळ्यात जोरात होतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही, चिखल थोडा उघडा राहतो आणि पक्षीही मग लांबच राहतात. तेव्हा किनाऱ्यावर जाऊ नका असं म्हणत नाही, पण अपेक्षा कमी ठेवा.

पाणथळीला यातलं काही नाही. तिथे वेळापत्रक सरळ आहे, उजाडल्यापासूनचे दोन तास आणि मावळायच्या आधीचे दोन तास, मधल्या वेळात तुम्हीही पेंगता आणि पक्षीही. तिथे जे बदलतं ते महिन्यांच्या हिशोबाने. तळं भरलेलं असतं तेव्हा बदकं, पाणकावळे, टिबुकल्या. पाणी जसं आटत जातं तशी काठाला ओल्या चिखलाची पट्टी उघडी पडते आणि तिथे तुतवार, चिखल्या, शेकाटे जमतात. कोण कुठे उभा आहे हे पायांच्या लांबीवरून ठरतं, शेकाट्या पोटऱ्या बुडवून मधे आणि तुतवार काठाला शेपटीचा भाग खालीवर करत. एकदा हे लक्षात आलं की तळ्याकडे नुसती नजर टाकून पाणी कुठे किती खोल आहे ते सांगता येतं.

आता ओळख पटवण्याचा भाग, आणि माझ्या मते नवख्या माणसाने निर्णय यावरच घ्यावा.

पाणथळीतले पक्षी स्वतःची ओळख स्वतः करून देतात. जांभळी पाणकोंबडी बघितली की ती दुसरं काही असूच शकत नाही. शेकाट्याचे ते गुलाबी लांबच लांब पाय, वारकरीच्या कपाळावरचा पांढरा टिळा, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी, थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच, खंड्याचा निळा. पहिल्याच सकाळी पंधरा-वीस जाती खात्रीने वहीत लिहिता येतात आणि माणूस खूश होऊन घरी जातो. हा आनंद छोटा समजू नका, छंद टिकतो तो यावर.

किनाऱ्यावर मात्र थंडीतले वेडर्स, म्हणजे चिखलात चालत खाणारे पक्षी, करड्या रंगाच्या पन्नास छटांचे. वर राखाडी, खाली पांढरं, चोच काळी, पाय काळपट, आणि असे सहा प्रकार एकाच थव्यात. पुस्तक उघडून बसलात तर वैतागाल. मी एका मोठ्या थव्याकडे बघून मोठ्या आत्मविश्वासाने सगळे डनलिन असं लिहून टाकलं होतं, शेजारी उभ्या असलेल्या काकांनी शांतपणे विचारलं, उडाल्यावर कंबर बघितलीस का? कंबर, म्हणजे शेपटीच्या जरा वरचा भाग, पांढराशुभ्र असेल तर तो कर्ल्यू सँडपायपर. डनलिनच्या कंबरेतून मधे काळी रेघ जाते. तेव्हापासून मी उडण्याची वाट बघते, त्यांना उडवत मात्र नाही, त्याबद्दल पुढे.

तर किनाऱ्यावर रंग सोडा आणि चाल बघा. चिखल्या पळतो, थबकतो, टिपतो, परत पळतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड, तो बघून शिकार करतो म्हणून त्याला मधेच थांबावं लागतं. सँडपायपरच्या जातीतले खाली मान घालून शिलाई मशीनसारखे टकटकटक चिखल टोचत जातात, कारण त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळणाऱ्या पेशींचे पुंजके असतात, आतला किडा त्यांना दिसत नाही, जाणवतो. लांब चोचीचा गॉडविट तर डोळ्यापर्यंत तोंड खुपसतो, आणि चोच पूर्ण न उघडता वरच्या चोचीचं फक्त टोक उचलून आत सापडलेलं पकडू शकतो. वाळूच्या किनाऱ्यावर लाट मागे गेली की तिच्यामागे धावणारे आणि लाट आली की तिच्यापुढे पळणारे पांढुरके छोटे दिसले तर ते सँडरलिंग, त्यांना मागचं बोटच नसतं. एवढं एक तास नुसतं बघितलं तरी अर्ध्या जाती रंग न बघता वेगळ्या करता येतात. मला आता किनाराच जास्त आवडतो तो याच कारणाने, पण हे आवडायला मला दोन थंड्या लागल्या हे कबूल करते.

आणि एक, थंडी संपताना किनाऱ्यावर जरूर जा. उत्तरेकडे परत निघायच्या आधी हेच करडे पक्षी रंग चढवायला लागतात, कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल, डनलिनच्या पोटावर काळा डाग, आणि वाटतं एवढे दिवस आपण कुणाला बघत होतो. बदकांचं उलटं, नर थंडीची सुरुवात होते तेव्हा बरेचदा मादीसारखे मळकट दिसतात आणि नंतर झळकतात. म्हणजे पाणथळ भर थंडीत बघण्यासारखी आणि किनारा हंगामाच्या दोन्ही टोकांना, असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही.

सामानाचं बोलायचं तर पाणथळीला ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) साधी दुर्बीण भरपूर झाली. नवीन माणसाला १०×४२ घ्यायचा मोह होतो, पण तिच्यात हाताची थरथरही जास्त मोठी होऊन दिसते, आणि पहाटेच्या कमी उजेडात ८ वालीच जास्त उजळ दिसते. किनाऱ्यावर दुर्बिणीने काम भागतं, पण मनासारखं बघायचं तर २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप लागतो, आणि स्कोप आला की ट्रायपॉड आला, ट्रायपॉड आला की वारा आला. पाय कमी उंचीवर लावून मधल्या दांड्याला बॅग लटकवा, नाहीतर ६० पट मोठं करून फक्त थरथर दिसते. ऊन चढलं की चिखलावरून वाफाळल्यासारखी हवा हलते, त्याला कितीही महाग काच असली तरी इलाज नाही, दहानंतर लांबचं बघणं सोडूनच द्यायचं. आणि घरी आल्यावर वाळू आधी फुंकून किंवा ब्लोअरने उडवायची, पुसायची नाही, नाहीतर लेन्सवर कायमचे ओरखडे. मीठ मात्र ओलसर कापडाने पुसलंच पाहिजे.

बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर फार विचार करू नका, पाणथळ. बांधावरून चालता येतं, कुठेतरी सावली मिळते, पक्षी जवळ असतात. डास असतात, तेवढं सोसा.

फोटो काढणाऱ्यांनीही आधी पाणथळच धरावी, बसून राहिलं की वंचक आणि खंड्या दहा-पंधरा फुटांवर येतात. उडत्या पक्ष्यांचा हात बसवायचा असेल तर किनारा, सुरय हवेत एका जागी थांबून पाण्यात सूर मारतो ते एकदा फ्रेममध्ये पकडायचा प्रयत्न करा, मेमरी कार्ड भरेल आणि एक फोटो बरा येईल.

पाणथळीची अजून एक गंमत म्हणजे तिथे कान लागतात. पाणकणसाच्या गच्च बेटात काय आहे ते दिसत नाही, ऐकू येतं, आणि फोनवर आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अॅप लावून ठेवलं तर ते नावं सुचवत राहतं. सुचवतं म्हटलंय, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अचानक बदकांचा अख्खा थवा उठला तर आधी वर बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख किंचित वर धरून संथपणे लव्हाळ्यांवरून येत असतो. पाणलावा तर पायाजवळ उडेपर्यंत तिथे आहे हेच कळत नाही.

किनाऱ्याची भव्यता वेगळी. समोर उभा असलेला पट्टेरी शेपटीचा गॉडविट बघताना मला नेहमी २०२२ सालचं ते पिल्लू आठवतं. जेमतेम पाच महिन्यांचं, पाठीवर सॅटेलाइट टॅग, अलास्काहून निघालं ते ११ दिवसांनी थेट टास्मानियात उतरलं, १३,५६० किलोमीटर, मधे खाणं नाही, पाणी नाही, टेकणं नाही. सगळेच गॉडविट एवढं उडतात असं नाही, वेगवेगळ्या थव्यांचे मार्ग वेगळे. पण त्यानंतर चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्याला "नुसता खातोय" म्हणवत नाही.

म्हणूनच ती पक्ष्यांना न उडवण्याची गोष्ट. भरतीच्या वेळी हे पक्षी एका उंच कोरड्या जागी दाटीवाटीने, एका पायावर, चोच पाठीत खुपसून झोपतात. त्यांना तो विश्रांतीचा वेळ हवाच असतो. आपण फोटोसाठी वीस पावलं पुढे गेलो की हजार पक्षी उठतात आणि प्रवासासाठी साठवलेली चरबी आपल्यासाठी जाळतात. माना वर व्हायला लागल्या की थांबायचं, चालायला लागले की मागे यायचं. कुत्रा आणि ड्रोन घरी.

आणि आता ज्यामुळे मला हा सगळा किनारा-विरुद्ध-पाणथळ वादच थोडा पोकळ वाटायला लागला ते सांगते. एका सकाळी चढत्या भरतीला काळ्या शेपटीच्या गॉडविटांचा थवा बघत होते, त्यातल्या एकाच्या पायाला रंगीत फ्लॅग, अभ्यासक लावतात तसा. अक्षरं वाचायला पंधरा मिनिटं गेली, कारण तो पाय पाण्यातून बाहेर काढेना. पाणी भरलं, थवा उठला आणि आतल्या बाजूला निघून गेला. मी चहा घेऊन सहज मागच्या उथळ तळ्यावर गेले तर तोच थवा, तोच फ्लॅग, आता एका पायावर झोपलेला. म्हणजे मी ज्या दोन जागांची तुलना करत होते ती त्याच्यासाठी स्वयंपाकघर आणि झोपायची खोली होती. आणि बघा, पाणथळी जपण्यासाठी झालेल्या १९७१ च्या रामसर करारातली पाणथळीची व्याख्या वाचली तर तिच्यात ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीसुद्धा येतं. म्हणजे कागदावरही किनारा पाणथळच आहे. आतलं तळं बुजवलं तर किनाऱ्यावरचे पक्षीही कमी होतात ते यामुळे, त्यांना भरतीला जायला जागाच उरत नाही.

तर ठरवायचं असं. पहिलीच थंडी असेल तर डोळे मिटून पाणथळ, सलग तीन-चार रविवार तीच एक जागा, उगाच जागा बदलू नका. टिटवी, शेकाट्या, तुतवार, चिखल्या झोपेत ओळखता यायला लागले की भरतीचं वेळापत्रक बघायला लागा. भरती सकाळी नऊ-दहाच्या आसपास असेल तर सातला किनाऱ्यावर. भरती उजाडतानाच असेल तर उलटं, किनाऱ्याजवळच्या तळ्यावर किंवा मिठागरावर जा, सगळे तिथे झोपलेले सापडतील. आणि सकाळी ओहोटी असेल तर सरळ आतल्या पाणथळीवर जा, किनारा दुपारनंतर. जायच्या आधी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर त्या जागेच्या मागच्या पंधरा दिवसांच्या याद्या चाळा, आणि आल्यावर तुमचीही टाका, आकड्यांसकट, "खूप" असं लिहू नका.

या रविवारी भरती पावणेदहाला आहे. मी साडेसातला किनाऱ्यावर असेन, चप्पल नाही, बूट घालून.