बॉडी शॉपचं एस्टिमेट किती खरं धरायचं? हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

बाहेरून दिसणाऱ्या डेंटचं एस्टिमेट बहुतेक वेळा खरं निघतं. पुढून धडक बसलेल्या गाडीचं, बंपर उतरवायच्या आधी दिलेलं एस्टिमेट मात्र खरं धरू नका. हिवाळ्यात सोलापूर-धुळे महामार्गावर गेवराईच्या अलीकडे रात्री रानडुक्कर आडवं आलं, त्यानंतर जे पाहिलं त्यावरून हे लिहितोय. गाडी तीन वर्षं पूर्ण झालेली, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. विमा फुल, पण झिरो डेप, म्हणजे पार्ट्सचा घसारा (वापराने घटलेली किंमत) न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नव्हतं.

बीडमध्ये दोन ठिकाणी विचारलं आणि संभाजीनगरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. ओळखीच्या मिस्त्रींनी गाडीला एक चक्कर मारली आणि ₹22,000 सांगितले. मल्टिब्रँड गॅरेजने ₹36,000 लिहून दिले. वर्कशॉपचा आकडा ₹47,000. एवढ्यावरच आपल्याकडं लोक ठरवून टाकतात की कंपनीवाले लुटतात. पण मी प्रत्येकाला पार्टनिहाय विचारलं. मिस्त्री बोनेट ठोकून सरळ करणार होते, फुटलेला बंपर वेल्डिंगने जोडणार होते, हेडलॅम्प बाजारातला. गॅरेजवाला बंपर नवा टाकणार, पण ओरिजिनल नाही. बोनेट त्याच्याकडंही ठोकूनच. वर्कशॉपच्या यादीत बोनेट, बंपर, ग्रिल, हेडलॅम्प, डावा फेंडर (चाकावरचा पत्रा) सगळं नवं आणि ओरिजिनल. तीन वेगळ्या कामांचे हे तीन भाव होते. त्यामुळे प्रत्येक पार्टपुढे बदलणार की दुरुस्त करणार, आणि ओरिजिनल की बाजारातला, हे लिहून घेतल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवताच येत नाही.

एक गोष्ट आवर्जून तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या पार्ट्सवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. मला मिळालेल्या एका एस्टिमेटमध्ये पार्ट्सवर जुनाच दर लावला होता. दाखवल्यावर लगेच बदलून दिला, पण दाखवावं लागलं.

कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने तिचा वाटा थेट वर्कशॉपला द्यावा, असं हवं होतं म्हणून गाडी संभाजीनगरला दिली. बंपर निघाला आणि आतलं खरं नुकसान दिसलं. एसीचा कंडेन्सर वाकलेला, रेडिएटर दबलेला, ते धरणारा सपोर्टही मुडपलेला. सप्लिमेंटरी, म्हणजे पुरवणी एस्टिमेट निघालं, विमा कंपनीकडून नुकसान तपासणारे सर्व्हेअर पुन्हा येऊन गेले. त्यांनी हे पार्ट मंजूर केले, पण फेंडर ठोकून नीट होतो म्हणून नवा नाकारला. ते बरोबरच होतं. आज तो फेंडर दुरुस्त केलेला आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. शेवटचं बिल ₹66,500. म्हणजे पहिल्या आकड्यावर चाळीस टक्क्यांहून जास्त वाढ.

ही वाढ फसवणूक नव्हती. बंपरमागचं काही उतरवल्याशिवाय दिसत नाही, हे मिस्त्रींनीही सांगितलं होतं: "खोलल्याबिगर आतलं काय सांगावं भाऊ." राग आहे तो याचा, की वर्कशॉपच्या छापील कागदावर तसं एक वाक्यही नव्हतं. माणूस तो आकडा धरून घरचं गणित मांडतो.

आणि माझ्या खिशातून किती जाणार, हे तर कुठल्याच एस्टिमेटमध्ये नव्हतं. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्ट्सवर 50 टक्के घसारा कापतात. धातूच्या पार्ट्सवर गाडीच्या वयाप्रमाणे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के. काचेवर काही कापत नाहीत. रंगाच्या मटेरियलवर 50 टक्के, आणि रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा मटेरियलचा धरतात. वर पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला ₹1,000 सक्तीची कपात. माझ्या बिलात बंपर-हेडलॅम्प-ग्रिलचे निम्मे, बोनेट-कंडेन्सर-रेडिएटरचा पाव, क्लिपा-कूलंट धरून सुमारे ₹18,000 मला भरावे लागले. शिवाय क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे जमवलेला 35 टक्क्यांचा नो क्लेम बोनस, पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर आला. मिस्त्रींच्या ₹22,000 शी तुलना करायची तर या रकमेची करावी लागते. एवढं करूनही मी वर्कशॉपच निवडलं असतं, कारण दबलेला रेडिएटर तसाच ठेवून मे महिन्यात परळी-अंबाजोगाईच्या उन्हात गाडी पळवणं मला परवडलं नसतं.

आता काम कसं टिकलं ते. रंग उत्तम. पांढरा असल्यामुळं मॅचिंग सोपं गेलं असेल, पण उन्हाळाभर बाहेर उभी राहूनही बोनेट आणि फेंडरच्या छटेत फरक नाही. बंपर आणि फेंडरमधली फट डाव्या बाजूला किंचित जास्त आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर डाव्या हेडलॅम्पमध्ये वाफ धरली. नेऊन दाखवलं, सील नीट बसलेलं नव्हतं, पैसे न घेता बसवून दिलं. डाव्या टायरची आतली कड मात्र जास्त झिजली, कारण धडकेनंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचा कोन नीट करणं) एस्टिमेटमध्ये धरलंच नव्हतं. मागून स्वतःच्या खर्चानं करून घेतलं. पुढून मार बसलेल्या गाडीच्या यादीत ते नसेल तर आधीच घालायला लावा.

मध्यंतरी मोंढ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा मागच्या दाराला लागला. हे काम मुद्दाम बीडच्या त्या मल्टिब्रँड गॅरेजला दिलं. एका पॅनलचं डेंटिंग-पेंटिंग ₹3,500 सांगितलं, तेवढंच घेतलं, वेळेवर दिलं. पुट्टी घासताना आणि प्रायमर मारल्यावर फोटोही पाठवले.

पुन्हा पुढून मार बसला तर वर्कशॉपला आधी एवढंच सांगेन की बंपर, ग्रिल, हेडलॅम्प उतरवा, सर्व्हेअरला तशीच गाडी दाखवा आणि मग आकडा लिहा. उतरवण्याची मजुरी लागली तर ती मी देईन. जुने पार्ट डिलिव्हरीच्या वेळी समोर ठेवायलाही सांगेन. यावेळी मागितल्यावर त्यांनी कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही दाखवले. कंडेन्सर मधोमध वाकलेला होता, रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून कूलंट झिरपल्याची हिरवट खूण होती.