अठरा इंची डॉब्सोनियन, एकोणीस महिने : आरसा उत्तम, बैठकीविषयी सविस्तर

माझ्या डॉब्सोनियनची, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर ठेवून हाताने वळवायच्या आरशाच्या दुर्बिणीची, बैठक नीट सरकत नाही या तक्रारीवर मागच्या आठवड्यात निर्मात्यांचे अकरावे उत्तर आले आणि त्यातही तेच वाक्य होते : हमी आरशांना आणि सांगाड्याला लागू आहे, बैठकीतील टेफ्लॉनचे तुकडे व लॅमिनेट या झिजणाऱ्या वस्तू असल्याने त्यांना ती लागू नाही. जी दुर्बीण हातानेच फिरवायची असते, तिची फिरण्याची जागाच हमीतून वगळणे म्हणजे दार विकून बिजागऱ्यांची जबाबदारी नाकारण्यासारखे आहे, असे मी त्यांना कळवले आणि पत्रव्यवहार थांबवला. पुढील मजकूर एकोणीस महिन्यांच्या वापराचा आहे. १८ इंच व्यास, एफ ४.५ (नाभीय अंतर व्यासाच्या साडेचारपट), नळ्यांचा सुटा होणारा सांगाडा, मोटर नाही, या गोष्टी वाचकांना ठाऊक असतील असे धरून चालतो.

दोन महिन्यांनंतर मी लिहिलेला पहिला अभिप्राय निव्वळ स्तुतीचा होता. आधीच्या १० इंची दुर्बिणीच्या तुलनेत ही सव्वातीन पट प्रकाश गोळा करते, म्हणजे साधारण १.३ दृश्यप्रतींचा (तेजस्वितेच्या मोजपट्टीवरील पायऱ्यांचा) फायदा होतो, आणि अंधूक दीर्घिका पाहणाऱ्याने डोळे मिटून मोठा आरसा घ्यावा, असे त्यात म्हटले होते. यातले गणित आजही बरोबर आहे, पण सल्ला मी मागे घेतो, किंवा निदान अर्धा मागे घेतो.

दुर्बीण घेतली ती खगोलशास्त्रज्ञ हाल्टन आर्प यांच्या यादीसाठी. त्यांनी १९६६ साली विचित्र आकाराच्या ३३८ दीर्घिकांचा आणि दीर्घिकासमूहांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे मुख्यतः पालोमार येथील २०० इंची हेल दुर्बिणीने घेतलेली आहेत. या यादीचे क्रमांक आकाशातील स्थानानुसार नसून आकारानुसार लावलेले आहेत : आधी मंद पृष्ठतेजाच्या सर्पिल दीर्घिका, पुढे सोबती असलेल्या, शेपट्या फुटलेल्या, शेवटी समूह आणि साखळ्या. त्यामुळे प्रत्येक रात्रीसाठी यादी नव्याने मांडावी लागते, आणि लागोपाठच्या क्रमांकांसाठी अर्धे आकाश ओलांडावे लागते. हे सांगायचे कारण एवढेच, की या कामात दुर्बीण सतत फिरवावी लागते आणि ती कशी फिरते हा प्रश्न गौण राहत नाही.

पहिल्या शरदात मी आर्प ३१९ शोधला. महाश्व तारकासमूहातील एनजीसी (दीर्घिका, तारकागुच्छ आणि तेजोमेघ यांची प्रसिद्ध यादी) ७३३१ या ठळक दीर्घिकेपासून अर्ध्या अंशावर, नैर्ऋत्येच्या बाजूला हा समूह आहे. एदुआर स्तेफान यांनी तो १८७७ साली मार्सेल्स येथील ८० सेंटिमीटर आरशाच्या दुर्बिणीतून शोधला, म्हणून त्याला स्तेफान यांचे पंचक म्हणतात. १५८ पट वर्धनाला धुराचा एक पुंजका दिसला. ९ मिलिमीटरचा आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) लावून वर्धन २२९ पट केले, तेव्हा त्या पुंजक्याचे तुकडे होऊ लागले : सर्वांत उजळ ७३२०, एका ताऱ्याला चिकटलेली लहानशी ७३१७, मधली लांबट ७३१८ आणि नजर तिरकी केल्यावरच जाणवणारी ७३१९. मी चार मोजल्या. एनजीसी यादीतही या पाच दीर्घिकांना चारच क्रमांक आहेत आणि ७३१८ चे 'ए' व 'बी' असे दोन भाग करावे लागले आहेत, हे आठवून मी स्वतःचे समाधान करून घेतले. सर्वांत उजळ दिसणारी ७३२० मुळात या घोळक्यातली नाही. तिचे ताम्रसृतीवरून (दूर जाणाऱ्या वस्तूचा प्रकाश लाल रंगाकडे सरकतो त्यावरून) ठरवलेले अंतर सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षे आहे, बाकीच्या चौघी २९ कोटींच्या आसपास आहेत. ही विसंगती खगोलशास्त्रज्ञ बर्बिज दांपत्याने १९६१ साली दाखवली, आणि पुढे आर्प यांनी ताम्रसृती हे अंतराचेच माप आहे का, असा वाद घातला, ज्यात बहुतेक खगोलशास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने गेले नाहीत.

पाचवी का दिसली नाही, याचे उत्तर मी त्या वेळी आकाशाच्या माथी मारले. खरे कारण पायाखाली होते.

२२९ पटीला माझ्या आयपीसमध्ये आकाशाचा सुमारे २१ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा मावतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे पंचक मध्यापासून कडेपर्यंत जायला ५० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात डोळा स्थिरावला पाहिजे, नजर बाजूला वळवून दंडपेशींवर (डोळ्यातील मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींवर) प्रकाश पडू दिला पाहिजे, आणि मेंदूला ते अंधूक चित्र काही सेकंद साठवू दिले पाहिजे. मग दुर्बिणीला बोटाने हलकेच ढकलायचे. माझी दुर्बीण हलकेच ढकलता येत नव्हती. बोटाचा जोर वाढवत नेला की आधी सांगाड्याच्या नळ्या किंचित वाकत, बैठक जागची हलत नसे, आणि मग एकदम सुटून दीर्घिका समूळ दृष्टिक्षेत्राबाहेर जाई. स्थिर घर्षण हे गतिमान घर्षणापेक्षा बरेच जास्त असले की असेच होते. डोक्यावरच्या भागात तर ढकलण्याचा बहुतेक जोर आडव्या फिरण्याच्या कामी येतच नाही आणि त्रास दुप्पट होतो. नेमके तिथेच आकाश सर्वांत काळे असते.

(दुर्बिणीला हलकी टिचकी मारल्यावर अंधूक वस्तू क्षणभर अधिक जाणवते, कारण नजरेच्या कडेला हालचाल चटकन कळते. ही युक्ती मी रोज वापरतो. पण टिचकी आणि हिसका यांत फरक आहे.)

वसंतात मोठ्या अपेक्षेने आर्प २४२ कडे वळलो. अरुंधती केश समूहातील या एनजीसी ४६७६ जोडीला उंदरांची जोडी म्हणतात. ती सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, आणि तिच्या शेपट्या परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने ओढल्या गेल्या आहेत हे आलार आणि युरी टूमर या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावरील गणिताने दाखवले. तीन वेगवेगळ्या रात्री माझ्या नोंदवहीत एकच ओळ आहे : 'दोन चिकटलेले ठिपके, शेपटी नाही'. हस्त समूहातील आर्प २४४, म्हणजे 'अँटेना' दीर्घिकांची जोडी, हिचा मधला वाकडा भाग मात्र पहिल्याच रात्री सुंदर दिसला, पण तिच्या ज्या लांब मिशांमुळे तिला नाव मिळाले त्या दिसल्या नाहीत. कालेय समूहातील आर्प १८८ हा बेडकाच्या पिल्लासारखा दिसतो म्हणून प्रसिद्ध आहे. मला फक्त पिल्लाचे डोके दिसले, तेही तिरक्या नजरेने. आर्प ८५, म्हणजेच एम ५१ ही भोवऱ्यासारखी दीर्घिका, हिच्याविषयी तक्रार नाही; लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली ७२ इंची धातूच्या आरशातून जे सर्पिल बाहू पाहिले, ते इथे सरळ नजरेने दिसतात आणि शेजारच्या सोबती दीर्घिकेकडे जाणारा पूलही दिसतो.

नवव्या महिन्यात एका दमट रात्री बैठक कुरकुरली आणि एका बाजूला खचली. उघडून पाहिले तर टेफ्लॉनच्या तीन तुकड्यांपैकी एक निघून आला होता आणि दवाचे पाणी शिरून लॅमिनेटची कड फुगली होती. निर्मात्यांनी प्रथम फर्निचरचे मेण लावायला सांगितले. मेणाने आठवडाभर फरक पडतो, नंतर त्यावर धूळ बसून अवस्था पूर्वीपेक्षा वाईट होते. पुढे त्यांनी 'हालचाल आमच्या मापात बसते' असे उत्तर दिले. कोणते माप, ते पाच पत्रांनंतरही कळले नाही.

शेवटी बैठक मीच दुरुस्त केली, कारण नवी बैठक मागवण्याचा खर्च माझ्या स्वभावाला मानवणारा नव्हता. गुळगुळीत लॅमिनेट खरवडून काढले आणि खडबडीत, बारीक उंचवट्यांचे लॅमिनेट चिकटवले, कारण टेफ्लॉन अशाच पृष्ठभागावर सुरुवातीच्या अडखळण्याशिवाय सरकते. टेफ्लॉनचे नवे तुकडे केवळ चिकटवले नाहीत, तर खोलवर बसणाऱ्या स्क्रूंनी पक्के केले. याच कामात खरा दोष सापडला : मूळ तुकडे खालच्या तीन पायांच्या बरोबर वर नव्हते, चार बोटे आत होते, त्यामुळे वजनाने तळफळी वाकत होती. मी ते पायांच्या नेमके वर घेतले. मधल्या खिळीवर दोन वॉशर घालून थोडा भार तिकडे वळवला. सगळ्या कामाला दोन संध्याकाळ लागल्या. जॉन डॉब्सन हे १९४४ पासून १९६७ पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीशी संलग्न मठात संन्यासी होते आणि टाकाऊ वस्तूंपासून दुर्बिणी करत. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना टिकली ती ती सहज सरकते म्हणून, आणि इथे नेमके तेच कोणी तपासले नव्हते.

दुसऱ्या शरदात पंचकाकडे परतलो. वर्धन तेच, आयपीस तोच, आकाशमापक २१.३ दाखवत होता, म्हणजे आदल्या वर्षीच्या २१.४ पेक्षा आकाश जरासे उजळच होते. दुर्बीण एका बोटाने सरकत होती आणि बोट उचलले की तिथेच थांबत होती. वीस मिनिटे डोळा न हलवता बसलो. ७३१८ च्या लांबट डागात आधी एक टोक टणक झाले, मग दुसरे, आणि मध्ये अंधाराची बारीक फट आली. पाच.

उंदरांची शेपटी या वसंतात दोनदा दिसली, प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद, उत्तरेकडे गेलेली सरळ राखाडी रेघ. मधल्या काळात माझा डोळाही तयार झाला आहे आणि कुठे पाहायचे ते आता पाठ आहे, त्यामुळे सगळे श्रेय बैठकीला देणे अन्याय्य होईल. तरीही पहिल्या तीन रात्री आरसा हाच होता.

बाकीचे थोडक्यात. आरसा थंड व्हायला पंखा लावून तासभर लागतो. दुय्यम आरशावर दव धरते, त्यामागे छोटा बॅटरीवरचा हीटर लावावाच लागतो, आणि तो सोबत न देणे हा कंजूषपणा आहे. नळ्यांचे चाप उत्तम. कोलिमेशन (आरशांची एका रेषेतील जुळणी) रात्रभर टिकते. पेटी एकट्याने उचलण्याचा प्रयत्न करू नये, पाठीची हमी कोणी देत नाही. आयपीस डोक्यावर असताना दोन पायऱ्यांची शिडी लागते.

विकत घ्यावी का, तर आरशासाठी घ्यावी, पण आधी दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर एक तारा आणून २०० पटीच्या वर तो एका बोटाने कडेपर्यंत नेऊन परत आणून पाहावा. अडखळला, तर किमतीत बैठकीची दुरुस्ती धरावी. माझ्या यादीतील ६१ क्रमांक पाहून झाले आहेत. खडबडीत लॅमिनेटचा हातभर तुकडा उरला आहे, आणि आडवी हालचाल सुधारल्यापासून वर-खाली नेताना दुर्बीण जराशी अडते असे वाटू लागले आहे. पुढच्या पौर्णिमेच्या आठवड्यात, आकाश तसेही निरुपयोगी असताना, ते काम करीन.