मूळ मारिओ की हातातला 'डिलक्स'?

निन्टेंडोचा १९८५ मधील, टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणि गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी १९९९ मध्ये आलेली त्याची 'डिलक्स' आवृत्ती यांतील खरा फरक पडद्याचा आहे. मूळ चित्र २५६ गुणिले २४० बिंदूंचे, तर हातातील यंत्राचा पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा असल्यामुळे दृश्याच्या कडा कापल्या जातात आणि पुढचा खड्डा किंवा शत्रू उशिरा दिसतो. उड्यांवरच चालणाऱ्या खेळात ही उणीव लहान नव्हे. त्याबदल्यात डिलक्समध्ये प्रगती जतन करता येते, शिवाय लाल नाणी शोधण्याचे आव्हानही आहे. पणजीहून मडगावला निघालेल्या कदंब बसमध्ये (बसायला जागा मिळाली तर) डिलक्सच सोयीचा. घरी टीव्हीसमोर मात्र मी मूळ खेळच निवडेन.